बॅकअप स्टोरेज ते सुरक्षा-विश्लेषण सर्व्हर: लिंक चार, पण वेग एकाच लिंकचा का मिळतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डीडुप्लिकेशन करणाऱ्या (म्हणजे सारखे डेटा-तुकडे एकदाच साठवणाऱ्या) बॅकअप स्टोरेजला १० गिगाबिटचे चार पोर्ट आहेत. बॅकअपच्या प्रतींमध्ये रॅन्समवेअरच्या खुणा शोधणारे दोन सर्व्हर आहेत आणि प्रत्येकाला १० गिगाबिटचे दोन पोर्ट आहेत. प्रती एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाचण्याच्या प्रोटोकॉलने, सर्व्हरवर माउंट होतात (जोडल्या जातात). दोन्ही बाजूंना एलएसीपी या प्रोटोकॉलने बाँड केले (अनेक लिंक जोडून एक केल्या), स्विचवरही तसेच पोर्ट-चॅनल केले, सगळे हिरवे दिसते. तरी एकेक सर्व्हर एका लिंकच्या पलीकडे वाचत नाही, कधी कधी तर दोन्ही सर्व्हर मिळून एका लिंकवर अडकतात, आणि तपासणीची फेरी ठरल्या वेळेत संपत नाही. चूक बाँडमध्ये आहे, स्विचमध्ये आहे की स्टोरेजमध्ये?

बहुधा चूक कुठेच नाही. बाँड ज्या कामासाठी बनला आहे तेच काम करतो आहे. पुष्कळ क्लायंटचा भार अनेक तारांवर पसरवणे आणि एखादी तार तुटली तरी काम चालू ठेवणे, एवढे त्याचे काम. एकाच मोठ्या वाचनाचा वेग दुप्पट-चौपट करणे त्याच्याकडून अपेक्षित नाही. विश्लेषण सर्व्हरचा प्रकार नेमका उलटा असतो: क्लायंट मोजके, वाचन प्रचंड. म्हणून इथे आधी डेटाचे प्रवाह ठरवायचे, मग त्यांना लिंक द्यायच्या. माझी शिफारस अशी की विश्लेषणाच्या मार्गावरचे बाँड मोडा, प्रत्येक लिंकला स्वतंत्र सबनेट (आयपी पत्त्यांचा वेगळा गट) द्या आणि वाचनाचे काम त्या मार्गांवर स्वतःच्या हाताने वाटा. का आणि कसे ते सविस्तर लिहितो. बाँड ठेवणे भागच असेल तर त्यातून जास्तीत जास्त काय काढता येते तेही सांगतो.

पण त्याआधी थोडे गणित करा, कारण पुष्कळदा दोष नेटवर्कचा नसतोच.

१० गिगाबिट म्हणजे सेकंदाला १.२५ गिगाबाइट. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १५०० बाइट असताना इथरनेट, आयपी आणि टीसीपीची हेडर वजा जाता जास्तीत जास्त १.१७ गिगाबाइटच्या आसपास डेटा मिळतो, एमटीयू ९००० असताना १.२३ च्या आसपास. एनएफएसचा स्वतःचा खर्च धरून १.१ धरा. तपासायच्या प्रती १०० टेराबाइट असतील तर एका लिंकवर नुसते वाचायलाच २५ तास लागतात. म्हणजे रोजची फेरी रोज संपणे अशक्य. चारही लिंक पूर्ण भरल्या तर तेच काम सव्वासहा तासांवर येते. हा फरक खरा आहे आणि त्यासाठी धडपडण्यात अर्थ आहे.

मात्र हे कागदावरचे गणित झाले. डीडुप स्टोरेजमधून वाचणे हे साध्या डिस्कमधून वाचण्यासारखे नसते. एकच फाइल हजारो तुकड्यांत विभागलेली असते. त्यातले काही तुकडे आज लिहिलेले, काही वर्षभरापूर्वीच्या बॅकअपमधले. वाचताना ते सगळे गोळा करून, डीकॉम्प्रेस करून, मूळ क्रमाने जोडून द्यावे लागतात. त्यामुळे बॅकअप घेण्याचा वेग आणि परत वाचण्याचा वेग यांत मोठी तफावत पडते, आणि प्रत जितकी जुन्या तुकड्यांवर उभी तितकी ती जास्त विखुरलेली असते. दुसऱ्या टोकाला विश्लेषण सर्व्हरही रिकामा बसलेला नसतो. बॅकअपचे स्वरूप उलगडणे, आतल्या फाइली वेगळ्या काढणे, प्रत्येकीची एन्ट्रॉपी (डेटा किती यादृच्छिक दिसतो ते) मोजणे, हॅश काढणे हे सगळे प्रोसेसरचे काम आहे.

म्हणून फेरी चालू असताना एकाच वेळी तीन ठिकाणी बघा: स्टोरेजच्या डिस्क किती व्यस्त आहेत, स्विचच्या पोर्टवरून किती डेटा जातो आहे, सर्व्हरचे कोअर किती भरले आहेत. लिंक निम्मी रिकामी आणि डिस्क ९० टक्क्यांच्या वर असतील तर नेटवर्कला हात लावू नका. वेळापत्रक बदला, एकाच वेळी चालणाऱ्या स्टोरेजच्या साफसफाईचे आणि रेप्लिकेशनचे (प्रती एका स्टोरेजवरून दुसऱ्यावर नेण्याचे) तास वेगळे करा. लिंक ९५ टक्के भरलेली आणि दोन्ही टोके निवांत असतील, तरच पुढचे वाचा.

आता बाँडकडे येऊ. लिंक अॅग्रिगेशन सन २००० मध्ये आयईईई ८०२.३एडी म्हणून मानकात आले आणि २००८ पासून ते ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली आहे. त्यातला मूळ नियम असा की एका संवादाच्या फ्रेम क्रम न मोडता पोहोचल्या पाहिजेत. हे पाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे एक प्रवाह कायम एकाच तारेवर ठेवणे. कोणता प्रवाह कोणत्या तारेवर जाईल हे पॅकेटच्या पत्त्यांवरून हॅश, म्हणजे ठरावीक सूत्राने येणारा आकडा, काढून ठरते. त्या हॅशला तारेवरचा भार दिसत नाही. एक तार काठोकाठ भरलेली आणि शेजारची कोरी असली, तरी हॅशने जे ठरवले तेच होते.

एनएफएसचा साधा माउंट एकच टीसीपी जोडणी उघडतो. एक जोडणी म्हणजे एक प्रवाह, आणि एक प्रवाह म्हणजे एक तार. सर्व्हरमागे एक माउंट असेल तर बाँडमध्ये दोन तारा असोत की आठ, वेग एकीचाच. आणि दोन सर्व्हरच्या दोन जोडण्या स्टोरेजच्या एकाच तारेवर पडल्या, तर दोघांना मिळून एकीचाच. तुमच्याकडे कधी कधी होते ते हेच.

प्रवाह वाढवले म्हणजे ते आपोआप सारखे वाटले जातील असेही नाही. चार तारांवर चार प्रवाह हॅशने यादृच्छिक पडले, तर चारही वेगवेगळ्या तारांवर पडण्याची शक्यता फक्त ९.४ टक्के. आठ प्रवाह असतील तर चारही तारांना निदान एकेक प्रवाह मिळण्याची शक्यता ६२ टक्के होते आणि सोळा असतील तर ९६ टक्के. म्हणून बाँडवर वेग हवा असेल तर थोडेथोडके नव्हे, पुष्कळ प्रवाह लागतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. हॅश नेहमी पाठवणारा काढतो. विश्लेषणात डेटा स्टोरेजकडून सर्व्हरकडे येतो. तेव्हा स्टोरेजपासून स्विचपर्यंतची तार स्टोरेजचा हॅश निवडतो, आणि स्विचपासून सर्व्हरपर्यंतची तार स्विचचा हॅश निवडतो. सर्व्हरवर लिनक्सच्या बाँडिंगमध्ये जो हॅश बदलतात, त्याने फक्त सर्व्हरकडून जाणाऱ्या वाचनाच्या विनंत्या आणि पोचपावत्या वाटल्या जातात. खऱ्या डेटाच्या वाटणीवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. सर्व्हरवरचे सेटिंग पुन्हा पुन्हा बदलूनही आकडा हलत नाही, त्याचे कारण हे असते. बदल करायचा तर स्टोरेजच्या अॅग्रिगेशनच्या सेटिंगमध्ये आणि स्विचच्या लोड-बॅलन्सिंगमध्ये. पुष्कळ स्विचवर ते सेटिंग पोर्टपुरते नसते, सगळ्या पोर्ट-चॅनलना एकदम लागू होते. त्यामुळे नेटवर्क सांभाळणाऱ्यांशी बोलून, देखभालीच्या वेळेतच ते बदला.

हॅश कशावरून काढायचा हेही बघा. लिनक्स बाँडिंगमध्ये काही न सांगता लेअर २ म्हणजे मॅक पत्त्यांचा (नेटवर्क कार्डांच्या पत्त्यांचा) हॅश लागतो. स्टोरेज आणि सर्व्हर यांच्यामध्ये राउटर असेल तर समोरचा मॅक पत्ता कायम गेटवेचाच असतो. मग सर्व्हर किती का असेनात, सगळा डेटा स्टोरेजकडून एकाच तारेने निघतो. लेअर २+३ ने आयपी पत्ते विचारात घेतले जातात, पण एका सर्व्हरचे सगळे प्रवाह तरीही एकाच तारेवर राहतात. लेअर ३+४ ने पोर्ट क्रमांकही धरले जातात आणि एकाच सर्व्हरच्या अनेक जोडण्या वेगवेगळ्या तारांवर जाऊ शकतात. हा पर्याय मानकाला काटेकोरपणे धरून नाही, कारण तुकडे झालेल्या पॅकेटमध्ये पोर्ट क्रमांक प्रत्येक तुकड्यात नसतो आणि क्रम बिघडू शकतो. पण टीसीपीवर चालणाऱ्या एनएफएसमध्ये असे तुकडे सहसा होत नाहीत. इथे तो निर्धास्त वापरा.

बाँड ठेवायचाच असेल तर मग असे करा. स्टोरेजवर आणि स्विचवर हॅश लेअर ३+४ करा. सर्व्हरवर माउंट करताना एनकनेक्ट हा पर्याय द्या. लिनक्स कर्नेल ५.३ पासून, म्हणजे २०१९ पासून तो आहे आणि एका माउंटसाठी १६ पर्यंत टीसीपी जोडण्या उघडतो. ८ पासून सुरुवात करा. प्रत्येक जोडणीचा सर्व्हरकडचा पोर्ट वेगळा असतो, त्यामुळे हॅशला वाटायला काहीतरी मिळते. एक गोष्ट पुष्कळांना अडवते: त्याच स्टोरेज पत्त्यावर, त्याच एनएफएस आवृत्तीने आधीच एखादा माउंट असेल, तर नवा माउंट जुन्याच जोडण्या वापरतो आणि नव्याने दिलेला आकडा लागू होत नाही. त्या पत्त्यावरचे सगळे माउंट काढून पुन्हा लावल्याशिवाय फरक दिसणार नाही. किती जोडण्या खरोखर उघडल्या ते एसएस कमांडने २०४९ पोर्टवरच्या जोडण्या मोजून लगेच कळते.

बाँड खरा जुळला आहे का तेही तपासा. प्रॉक फाइलसिस्टिममधल्या बाँडिंगच्या फाइलमध्ये प्रत्येक पोर्टसमोर अॅग्रिगेटर क्रमांक असतो. सगळ्या पोर्टचा तो एकच असला पाहिजे. क्रमांक वेगवेगळे असतील किंवा समोरच्याचा मॅक पत्ता सगळी शून्ये दाखवत असेल, तर स्विचच्या बाजूला एलएसीपी लागलेलेच नाही, मग लिंकचा दिवा हिरवा असो. एमआयआयमॉन हे सेटिंगही बघा. लिंक किती वेळाने तपासायची ते त्याने ठरते; त्याचे मूल्य शून्य असेल तर लिंक तुटली की नाही हे त्याने तपासलेच जात नाही. १०० मिलिसेकंद ठेवा. एलएसीपीचा वेग स्लो असेल तर दर ३० सेकंदांनी एक संदेश जातो आणि जोडीदार गेल्याचे कळायला ९० सेकंद लागतात. फास्ट केल्यावर दर सेकंदाला संदेश आणि ३ सेकंदांत निकाल. तारा दोन वेगळ्या स्विचना जात असतील तर त्या स्विचमध्ये एमलॅग किंवा स्टॅकिंग (दोन स्विच एकासारखे चालवण्याची सोय) हवे, नाहीतर एका बाँडचे दोन तुकडे होतात आणि एकच चालतो.

विश्लेषण सर्व्हर व्हर्च्युअल मशीन असेल तर चित्र आणखी बदलते. व्हीएमवेअरच्या साध्या व्हर्च्युअल स्विचवर एलएसीपी नाही, ते डिस्ट्रिब्युटेड स्विचवर आहे. मूळ सेटिंगमध्ये एक व्हर्च्युअल कार्ड एका वेळी एकाच भौतिक पोर्टवरून चालते. मशीनच्या आत बाँड करून काही मिळत नाही. तिथे दोन व्हर्च्युअल कार्डे, दोन पोर्टग्रुप आणि प्रत्येक पोर्टग्रुपला वेगळा भौतिक पोर्ट, हाच सरळ मार्ग. आणि तो मी पुढे सांगतो त्या मांडणीशी तंतोतंत जुळतो.

ती मांडणी अशी. स्टोरेजच्या चार पोर्टना चार वेगळी सबनेट द्या. तिसरा अंक मार्गाचा ठेवला की वाचायला सोपे जाते:

पहिला मार्ग: स्टोरेज १०.१०.११.१०, पहिला सर्व्हर १०.१०.११.२१
दुसरा मार्ग: स्टोरेज १०.१०.१२.१०, पहिला सर्व्हर १०.१०.१२.२१
तिसरा मार्ग: स्टोरेज १०.१०.१३.१०, दुसरा सर्व्हर १०.१०.१३.२२
चौथा मार्ग: स्टोरेज १०.१०.१४.१०, दुसरा सर्व्हर १०.१०.१४.२२

प्रत्येक मार्ग वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये). यांपैकी कोणत्याही मार्गाला गेटवे नको, राउटिंग नको. आता कोणता डेटा कोणत्या तारेवरून जाईल यात हॅशचा काही संबंध उरत नाही. तुम्ही ज्या पत्त्यावर माउंट केले त्याच तारेवरून डेटा येतो, आज आणि उद्याही. वेग कमी झाला तर कोणत्या तारेवर झाला हे एका नजरेत कळते. मला ही मांडणी आवडण्याचे निम्मे कारण हेच आहे.

चारही पोर्ट एकाच सबनेटमध्ये ठेवून वेगवेगळे पत्ते दिले तर चालणार नाही का, असे पुष्कळजण विचारतात. चालल्यासारखे दिसते, पण चालत नाही. एका सबनेटकडे जाणाऱ्या दोन सारख्या वाटा असल्या तर कर्नेल त्यांतली एकच निवडतो आणि बाहेर जाणारे सगळे तिथूनच जाते. शिवाय लिनक्स आपल्या कोणत्याही पत्त्याबद्दल आलेल्या एआरपी विचारणेला (या आयपी पत्त्याचा मॅक कोणता, या प्रश्नाला) कोणत्याही कार्डावरून उत्तर देतो. त्यामुळे दुसऱ्या कार्डाचा पत्ता पहिल्या कार्डाच्या मॅकशी जोडला जाऊ शकतो. भरीला आरपी फिल्टर (पॅकेट योग्य वाटेने आले का ते तपासणारे सेटिंग) कडक असेल तर एका कार्डावर आलेले पॅकेट दुसऱ्या कार्डाच्या वाटेचे म्हणून टाकून दिले जाते, आणि माउंट मधूनच अडकतो. एकच सबनेट वापरण्याची सक्ती असेल तर प्रत्येक पत्त्यासाठी वेगळे राउटिंग टेबल आणि नियम, आर्प इग्नोर १, आर्प अनाउन्स २, आरपी फिल्टर २ एवढे सगळे करावे लागते. स्टोरेजच्या बंद प्रणालीत हे करण्याची सोय असेलच असे नाही, आणि डेटा तर तिकडूनच निघतो. वेगळी सबनेट हा त्यापेक्षा कितीतरी स्वच्छ उपाय आहे.

माउंट करताना प्रत्येक मार्गाचा वेगळा माउंट पॉइंट ठेवा आणि विश्लेषणाच्या कामांची यादी त्यांवर वाटा. वाटणी कामांच्या संख्येने नको, आकाराने करा. एका मार्गावर वीस टेराबाइटचा डेटाबेस आणि दुसऱ्यावर दहा छोट्या मशीनच्या प्रती, अशी वाटणी झाली तर दुसरी तार लवकर मोकळी होते आणि फेरी पहिल्या तारेसाठी थांबून राहते. विश्लेषणाचे सॉफ्टवेअर स्टोरेजचे एकच नाव घेत असेल तर प्रत्येक सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्ये तेच नाव वेगळ्या पत्त्याला लावा. निदान दोन सर्व्हर दोन वेगळ्या तारांवर नक्की जातील. वाटणी सॉफ्टवेअर स्वतःच करत असेल तर त्याच्या उत्पादकाचे कागद आधी वाचा. काही साधने हातांनी केलेले माउंट चालू देत नाहीत, प्रत तयार करणे आणि जोडणे ती स्वतःच करतात.

एनएफएसच्या आवृत्तीचा इथे एक बारकावा आहे. आवृत्ती ४.१ मध्ये सर्व्हर स्वतःची ओळख सांगतो. लिनक्स क्लायंटला दोन पत्त्यांमागे एकच स्टोरेज आहे असे दिसले, तर तो दुसरा माउंटही पहिल्याच जोडणीवरून चालवतो. म्हणजे तुम्ही दोन सबनेट केली, दोन माउंट केले, आणि सगळा डेटा तरी एकाच तारेवरून येतो. नव्या कर्नेलमध्ये मॅक्स कनेक्ट हा पर्याय देऊन दुसऱ्या पत्त्यावरही जोडणी उघडता येते, पण स्टोरेजने सेशन ट्रंकिंग (एका सेशनसाठी अनेक पत्त्यांवरच्या जोडण्या) मान्य करायला हवे. तसे नसेल तर नुसत्या वाचनासाठी आवृत्ती ३ वापरणे सर्वांत सोपे. तिथे दोन पत्ते म्हणजे दोन स्वतंत्र सर्व्हर. त्याची किंमत म्हणजे फायरवॉलमध्ये २०४९ शिवाय १११ आणि माउंट सेवेचा पोर्टही उघडावा लागतो. आवृत्ती ४ ला एकटा २०४९ पुरतो.

एनएफएसऐवजी स्टोरेजचा स्वतःचा प्रोटोकॉल वापरत असाल तर पुष्कळदा ही वाटणी तिथेच करता येते. उदाहरणार्थ डेटा डोमेनच्या डीडी बूस्टमध्ये इंटरफेस ग्रुप असतो. ग्रुपमधल्या वेगवेगळ्या पत्त्यांवर कामे वाटण्याचे आणि एक लिंक गेली तर दुसरीवर नेण्याचे काम तो करतो. विंडोजच्या बाजूला एसएमबी ३ चे मल्टिचॅनल तसेच काम करते. अशी सोय असेल तर ती वापरा. कारण वाटणी करणाऱ्याला भार दिसतो, जो हॅशला दिसत नाही.

वेगळ्या सबनेटची एक उणी बाजू आहे आणि ती स्वीकारूनच पुढे जायला हवे. तार तुटली की त्या मार्गाचा माउंट थांबतो. बाँडसारखे आपोआप दुसऱ्या तारेवर जाणे नाही. मग माउंट सॉफ्ट ठेवावा म्हणजे तो लटकणार नाही, असा विचार मनात येतो. विश्लेषणासाठी तो धोकादायक आहे. सॉफ्ट माउंट वेळ संपल्यावर वाचनात चूक झाली असे सांगतो, आणि सॉफ्टवेअर ती फाइल वाचता न येणारी किंवा खराब म्हणून नोंदवू शकते. सुरक्षेच्या तपासणीत खोटा इशारा वाईट, आणि न तपासलेली फाइल तपासलेल्यांत मोजली जाणे त्याहून वाईट. माउंट हार्डच (उत्तर येईपर्यंत वाट बघणारा) ठेवा, लिंक पडल्याची सूचना देखरेखीतून लगेच मिळेल असे बघा, आणि ते काम दुसऱ्या मार्गावर पुन्हा लावा. विश्लेषणाची एक फेरी पुन्हा चालवावी लागली तर काही तास जातात, डेटा जात नाही. म्हणून इथे मी वेगाच्या बाजूने झुकतो. रेप्लिकेशन आणि प्रत्यक्ष रिस्टोअर यांच्यासाठी मात्र मी उलट सांगेन: तिथे बाँड ठेवा.

रेप्लिकेशनचा विषय निघालाच आहे तर तो नीट सांगायला हवा, कारण या सगळ्या मांडणीत खरे नुकसान तिथे होऊ शकते. स्टोरेज वेगळ्या ठेवलेल्या सुरक्षित तिजोरीत असेल, तर उत्पादन नेटवर्कमधून प्रती आणणारी लिंक ठरावीक वेळेपुरतीच उघडते आणि एरवी बंद असते. त्या तिजोरीचा सगळा अर्थ त्या बंद राहण्यात आहे. वेग हवा म्हणून रेप्लिकेशनचा पोर्ट विश्लेषणाच्या बाँडमध्ये कधीही घालू नका, त्याच व्हीलॅनवरही आणू नका. घातला तर दोनपैकी एक होते: लिंक बंद करताना विश्लेषणही बंद पडते म्हणून कोणीतरी ती उघडीच ठेवतो, किंवा उत्पादन बाजूचे नेटवर्क थेट विश्लेषण सर्व्हरपर्यंत पोहोचते. एखादा पोर्ट कमी पडला तरी चालेल, हे दोन मार्ग भौतिकदृष्ट्या वेगळे ठेवा.

विश्लेषण सर्व्हरला आता तीन पाय झाले आहेत: दोन डेटाचे, एक व्यवस्थापनाचा. असा सर्व्हर नकळत राउटर होऊ शकतो. त्याच्यावर आयपी फॉरवर्डिंग बंद आहे ना ते बघा, आणि कंटेनर चालवणारे सॉफ्टवेअर बसवले असेल तर नंतर पुन्हा बघा, कारण ते फॉरवर्डिंग चालू करते. स्टोरेजच्या डेटा पोर्टवर फक्त एनएफएस ऐकू द्या, एसएसएच आणि वेब कन्सोल फक्त व्यवस्थापनाच्या पोर्टवर. एक्सपोर्ट (स्टोरेजने एनएफएसवर खुली केलेली जागा) फक्त वाचनासाठी आणि ठरलेल्या पत्त्यांपुरतेच. नव्या मार्गावर माउंट नाकारला जातो तेव्हा बहुतेक वेळा कारण साधे असते: एक्सपोर्टच्या यादीत सर्व्हरचा पहिला पत्ता असतो, दुसरा नसतो. घाईत सगळे सबनेट किंवा तारांकन घालून मोकळे होऊ नका. चार पत्ते चार ओळींत लिहा.

तिजोरी कायमची एवढीच राहणार असेल तर आणखी एक पर्याय विचारात घ्या: स्विचच नको. स्टोरेजचे चार पोर्ट, सर्व्हरचे चार पोर्ट, मध्ये चार सरळ केबल. प्रत्येक जोडीला स्वतःचे छोटे सबनेट. हॅश नाही, व्हीलॅन नाही, स्विचचा पासवर्ड नाही, स्विचचे पॅचिंग नाही. एक सर्व्हर बंद पडला तर त्याच्या दोन तारा दुसऱ्याला वापरता येत नाहीत आणि तिसरा सर्व्हर आणायला पोर्ट उरत नाही, एवढीच त्याची मर्यादा. दोन सर्व्हरच्या छोट्या तिजोरीसाठी मला हा पर्याय फार भरवशाचा वाटतो.

कार्ड बदलणे शक्य असेल तर तेही आधी तपासा. २५ गिगाबिटची एक लिंक सेकंदाला ३.१ गिगाबाइट देते, तीही एका प्रवाहाला, कोणत्याही वाटणीशिवाय. १० गिगाबिटच्या दोन लिंक जुळवण्यात जाणाऱ्या श्रमापेक्षा ते पुष्कळदा सोपे पडते. मात्र १० आणि २५ चे पोर्ट एकाच बाँडमध्ये एकत्र चालणार नाहीत.

एमटीयूबद्दल थोडक्यात. ९००० ने तारेवरचा फायदा पाच टक्क्यांच्या आसपास आणि प्रोसेसरला थोडा आराम. पण स्टोरेज, स्विचचा प्रत्येक पोर्ट आणि सर्व्हर, सगळीकडे तो लागला पाहिजे. तपासायला तुकडे न करण्याच्या सूचनेसह ८९७२ बाइटचा पिंग पाठवा. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट गेले की तेवढेच उरतात. हा पिंग दोन्ही दिशांनी जायला हवा. माउंट होतो, फाइलींची छोटी यादी दिसते, पण मोठी फाइल वाचायला घेतली की सगळे गोठते, अशी लक्षणे असतील तर पहिला संशय इथेच घ्या. स्विच तुमच्या ताब्यात नसेल तर १५०० वर राहा.

मोजणी पायऱ्यांनी करा आणि प्रत्येक पायरीचा आकडा लिहून ठेवा. आधी आयपर्फ या नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या साधनाने एकेक मार्ग, आणि तोही उलट दिशेने, म्हणजे स्टोरेजकडून सर्व्हरकडे. पुष्कळ स्टोरेजमध्ये आयपर्फची स्वतःची कमांड असते. दोन्ही टोकांची आवृत्ती सारखी ठेवा, कारण आयपर्फ २ आणि ३ एकमेकांशी बोलत नाहीत. आयपर्फ ३ वापरत असाल तर ३.१६ किंवा पुढची घ्या. त्याआधीच्या आवृत्त्या कितीही समांतर प्रवाह मागितले तरी एकाच थ्रेडवर चालत आणि वेगवान लिंकवर तो कोअरच आधी भरतो. मग चारही मार्ग एकदम चालवा. एकेकटे पूर्ण वेग देणारे मार्ग एकत्र चालवल्यावर कमी पडले, तर स्टोरेजचे कार्ड ज्या पीसीआय स्लॉटमध्ये आहे त्याची रुंदी बघा. त्यानंतर खऱ्या प्रतीची मोठी फाइल प्रत्येक माउंटवरून वाचा. दर वेळी वेगळी फाइल घ्या, नाहीतर सर्व्हरच्या मेमरीतून आलेला वेग तुम्ही तारेचा समजाल. शेवटी खरी विश्लेषणाची फेरी. आयपर्फ आणि फाइलवाचन यांतला फरक स्टोरेजचा, फाइलवाचन आणि फेरी यांतला फरक सर्व्हरचा.

चालू फेरीत एकेक केबल काढून बघायलाही विसरू नका. बाँड असेल तर वाचन किती सेकंद थांबते, आणि वेगळी सबनेट असतील तर सूचना किती वेळात येते व काम दुसऱ्या मार्गावर कसे जाते, हे दोन्ही कागदावर असू द्या. केबल परत लावल्यावर सगळे पूर्ववत झाले का तेही बघा. स्विचने तो पोर्ट चुकांमुळे बंद करून ठेवलेला कधी कधी आढळतो.

एवढे करूनही वेग वाढला नाही तर पुढच्या प्रश्नात ही माहिती द्या: एका मार्गाचा आयपर्फचा आकडा, त्याच मार्गावरचा फाइलवाचनाचा आकडा, त्या वेळची स्टोरेजच्या डिस्कची व्यस्तता, एनएफएसची आवृत्ती व माउंटचे सगळे पर्याय, आणि स्विचच्या चारही पोर्टचे बाहेर जाणारे बाइट फेरीच्या आधी आणि नंतर. यावरून अडथळा तीनपैकी कोणत्या ठिकाणी आहे ते सांगता येईल.